फुकट पॅक

मारेगाव
१२ ऑक्टोबर २०१७

प्रिय प्रफुल्लदादा,
सप्रेम जयभीम.

आई ठीक आहे, तुझी वाट पाहते. कापूस फुटायला लागला, पण अळी हटत नाही आणि फवारणीही थांबत नाही. फोनच करणार होते. पण लाइन तुझ्याच कंपनीची, हल्ली तिच्यावर बोलायची भीती वाटते. उकंडामामाचं पुढे लिहिते.

ऑगस्टपासून आमच्या दवाखान्यात फवारणीवाले येऊन राह्यले. कोणाला ओकाऱ्या, कोणाला दिसेनासं झालेलं. डॉक्टर अनघा मॅडम आणि मी मोबाइलवर छोटा व्हिडिओ केला. घातक औषधांची नावं, आणि औषध अंगावर गेलं तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा, बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा, एवढंच त्यात होतं. गावोगाव लोक तो पाहायचे.

मग तुमचं सिम आलं. कंपनीच्या ॲपवरचे व्हिडिओ फुकट, बाकी काही उघडायचं तर वेगळा रिचार्ज. महिन्याभरात आमचा व्हिडिओ कोणी पाहीना.

मी पांढरकवड्याच्या तुमच्या ऑफिसात गेले. नंदकिशोर साहेब म्हणाले, "आमच्या ॲपवर टाकतो ना. फक्त औषधांची नावं काढा. ॲपवर जाहिराती त्या औषध कंपन्यांच्याच आहेत."

मी म्हटलं, "सगळ्या व्हिडिओंना एकच भाव, असा नियम झाला ना गेल्या वर्षी?"

"नियम दिल्लीत आहे, ताई." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "तुमचे मामा फवारायले जातात म्हणे. सांभाळा त्यांले."

त्यांना मामा कसा माहीत, हे मला अजून कळलेलं नाही. या फुकट पॅकबद्दल तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "स्कीम मीच बसवली. खेड्यात कोण तक्रार करतं?"

दादा, मामा गेला. गेल्या गुरुवारी.

मामीला मी बजावून ठेवलं होतं, मामाले त्रास झाला तर तो व्हिडिओ लाव. तिनं लावला, तुमच्याच सिमवर. ती म्हणते, "पोरी, ते गोल गोलच फिरून राह्यलं. ऊन लागलं असन म्हणून लिंबूपाणी पाजलं, अन् तशाच कपड्यात निजवलं." मला फोन आला तेव्हा मामाला बोलता येत नव्हतं. दवाखान्यात आणलं, पण उशीर झाला होता.

तुला कोणी कळवू नये, हे मीच सर्वांना सांगितलं. मला स्वतः लिहायचं होतं.

मी तक्रार लिहिली आहे. स्कीम कोणी बसवली, तिथं तुझं नाव आहे. कालपासून घरासमोर एक पांढरी जीप थांबते. आतला माणूस आईला विचारत होता, मुलगी ड्युटीवरून कोणत्या रस्त्यानं येते.

सोमवारी मी यवतमाळला जाऊन तक्रार देणार. ऑफिसातले कागद घेऊन तू आलास, तर ती टिकेल. मथुरामामी रोज विचारते, "प्रफुल्ल काहून नाही आला?" पॅक कोणी काढलं, हे तिला ठाऊक नाही. सोमवारी निघण्याआधी मी तिला सांगणार आहे.

त्याआधी ये.

अजून तरी तुझीच,
प्रियंका