हानाच्या वाट्याची चिठ्ठी

॥ श्री ॥

हेन्डरसन, ऑकलंड
६ ऑगस्ट २०१४

तीर्थरूप बाबांना सुमेधाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. बाबा, मी मोठा घोळ घालून ठेवलाय.

मी वर्गाला अमेरिकेचा इतिहास लोकगीतांतून शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रूळ टाकणाऱ्यांची गाणी, खलाशांची, कापूस वेचणाऱ्या गुलामांची. अकरा वर्षांची पोरं डेस्क बडवत गातात आणि मग आपणहून विचारतात, की ही माणसं एवढी दमलेली का होती. वर म्हणतात, ‘हीप्स ऑफ फन, मिस’, म्हणजे खूप मज्जा!

मग मला गॅदरिंगची हुक्की आली. टर्मअखेरीच्या कार्यक्रमात कापसाचं गाणं नाटुकल्यासकट बसवायचं ठरवलं. कुणी रुसू नये म्हणून तुमच्या शाळेत टाकायचात तशा चिठ्ठ्या टाकल्या. चाबूकवाल्या मालकाची चिठ्ठी एका गोऱ्या मुलाला आली आणि गुलामाची हानाला. हाना वर्गातली एकुलती एक काळी मुलगी, आईवडील इथिओपियाचे. देवाशपथ सांगते, मला तेव्हा काही खुपलंच नाही.

घरी जाऊन तिने आईला विचारलं, की आपल्यालाही कुणी विकलं होतं का. दुसऱ्या दिवशी तिची आई, अल्माझ, संतापून ऑफिसात येऊन उभी. तेव्हापासून हाना शाळेत नाही. महिनाअखेरीस शाळेच्या बोर्डाची मीटिंग आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतचं, आणि शशिकांतची कंपनी बंद पडल्यापासून आमचा व्हिसा माझ्याच नोकरीवर आहे. ती गेली की गाशा गुंडाळायचा. अक्षतची इथली शाळाही सुटेल, पण पोराला अजून सांगितलेलं नाही.

चिठ्ठ्यांचा डबा मी जपून ठेवलाय. बोर्डापुढे ठेवीन, म्हणजे मुद्दाम काही केलं नाही हे कळेल. बरोबर ना? लवकर लिहा. रागावलात तरी चालेल, पण लिहा.

तुमची,
सुमेधा


कराड
१८ ऑगस्ट २०१४

चि. सौ. सुमेधास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शशिकांतरावांना धीर दे. आता कानउघाडणी करतो, बापाचा तेवढा हक्क आहे.

तो डबा आधी कचऱ्यात टाक. आपण चिठ्ठ्या कशाला टाकतो? आपल्यावर बोल येऊ नये म्हणून. आमच्या शाळेत राजा नि प्रधान निवडायला ते चालून गेलं. पण चाबूक कुणाच्या हातात आणि पाठ कुणाची, हे चिठ्ठीवर सोडतात का गं? त्या पोरीकडे बघायचं काम तुझं होतं.

तुझी आजी ज्वारी कापताना भलरी म्हणायची. बांधापलीकडची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. एकदा मी तिला हौसेने शाळेच्या गॅदरिंगला गायला आणलं. स्टेजवर चढली, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, हातात विळा नाही, पुढ्यात पीक नाही, मग हे कुणाला दाखवायला गाऊ? पदर सावरून खाली उतरली. तुझं पत्र वाचलं आणि तीच डोळ्यांपुढे आली.

मीटिंगच्या आधी त्या बाईंच्या घरी जा. एकटी जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस आणि खुलासे तर मुळीच नेऊ नकोस. ती बोलेल ते ऐकून घे. हाकललं तर मुकाट्याने परत ये. काय झालं ते कळव, इकडे माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
बाबा


हेन्डरसन
१९ सप्टेंबर २०१४

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मीटिंगच्या आदल्या दिवशी पोचलं. तशीच रव्याच्या लाडूंचा डबा घेऊन गेले. अल्माझने दार अर्धंच उघडलं. तिचे वडीलही तुमच्यासारखे शिक्षक होते, हे तिनेच सांगितलं. म्हणाली, माझ्या घरात कधी कुणी विकलं गेलं नाही, आणि आता माझी मुलगी स्वतःची किंमत विचारते. चिठ्ठ्यांचं अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. चूक माझी आहे, एवढंच बोलले. तिने लाडवांचा डबा घेतला आणि दार लावलं. घरी येऊन मी ढसाढसा रडले.

मीटिंगमध्ये माझं तेच एक वाक्य. मग अल्माझ उभी राहिली. वाटलं, संपलं! ती म्हणाली, नाटक बंद करा, गाणी बंद करू नका, मात्र मी वर्गात येऊन बसणार. बोर्डाने मान्य केलं. बाबा, कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढलंय!

हाना परत आली. दर बुधवारी अल्माझ मागे हाताची घडी घालून बसते. परवा मुलं जमिनीवर बसून कापसाचं गाणं म्हणत होती. ना चाबूक, ना पोशाख. ते संपल्यावर हानानेच विचारलं, मिस, तुमच्याकडे असं कोण गायचं? मी आजीचं सांगितलं, स्टेजवरून उतरली तेही. अल्माझ पहिल्यांदाच हसली. जाताना तिने माझा डबा परत दिला, भाजलेल्या जवाने भरलेला. त्यांच्याकडेही रिकामा देत नाहीत म्हणे.

पण त्याआधी हानाने मला आजीचं गाणं म्हणायला लावलं. मुलांनी मांडीवर ठेका धरला, मी सुरुवात केली आणि दोन ओळींवर अडले. पुढचं मला येतच नाही, बाबा! मी शेतात गेलेच कुठे? हाना रोज विचारते, की पुढे काय.

भलरी पूर्ण लिहून पाठवा. स्टेजवर म्हणणार नाही, आजीची शपथ.

तुमची,
सुमेधा