खुराड्याच्या दाराची पाटी

ती. सोनूवन्सं यांना परळहून शेवंतीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समजा. गुडघा धरलाय म्हणून मनातल्या मनात केलाय, पण पुरता केलाय.)

तुमची तब्येत बरी असेल. भावोजींचा खोकला गेला का? नसेल गेला तर विडी गेली नाही असं मी समजते. तुमच्या साखरेचं काय? आंब्याच्या दिवसांत तुम्ही गोळी बंद ठेवून आंबा चालू ठेवता, हे मला इथे बसून कळतं. आम्ही ठीक. मला ठीक नसायला वेळ कुठे आहे, सकाळी डब्यांच्या चाळीस चपात्या लाटायच्या असतात. पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण चार वर्षं झाली, माझा आवाज ऐकला की तुमच्या घरातली रेंज जाते. तुमच्या सीमाला त्याच पडवीत उभं राहून तासभर बोलायला रेंज असते. पत्राला रेंज लागत नाही. पोस्टमनसमोर न वाचता फाडलंत तर मात्र माझा इलाज नाही. माझं शिक्षण चौथी, तेव्हा चुका दिसल्या तर गप्प बसा. काम तसं काही नाही. सहज लिहिते आहे.

चैत्रालीच्या कॉलेजचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. तिचं हे शेवटचं वर्ष. कोर्सचं नाव एवढं लांब की फॉर्मवर दोन ओळी लागल्या. त्यात डिझाइन आहे, मीडिया आहे, कला पण आहे. पहिल्या वर्षी पोरीनं पंधरा दिवस गटारांच्या झाकणांचे फोटो काढले. मला वाटलं महापालिकेत लागणार. दुसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या नळावरचं भांडण रेकॉर्ड केलं, चित्र नाही, नुसता आवाज. त्यात सगळ्यात वरचा आवाज माझा, आणि त्याला वर्गात पहिला नंबर मिळाला. (माझ्या भांडणाला शिकल्यासवरल्या माणसांनी मार्क दिले. तुम्ही चार वर्षं धरून बसलात.) या वर्षी तिनं घेतलं अक्षर. म्हणाली, बाबांच्या हातचं अक्षर कम्प्युटरमध्ये घालणार, त्याचा फॉन्ट करणार. म्हणजे जगात कोणीही कुठेही बटणं दाबली की उमटणार ते हरेश्वर पेंटरचं अक्षर. मी म्हटलं, कर. आत काय झालं ते तिला सांगितलं नाही. सहा वर्षं झाली ह्यांना जाऊन. शर्ट ट्रंकेत आहे, चष्मा खणात आहे, भिंतीवर फोटो आहे. पण तो पासपोर्टचा फोटो मोठा केलेला. त्यात हात आलेलेच नाहीत. आणि वन्सं, तुमचा भाऊ सगळा हातात होता.

फॉन्टसाठी ह्यांनी रंगवलेली खरी पाटी पाहिजे होती. मी म्हटलं त्यात काय, परळ-लालबागच्या निम्म्या पाट्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वाळून गेल्यात. पाट्या वाळायच्या भिंतीला आणि आम्ही झोपायचो गॅलरीत. मोठ्या तोऱ्यात पोरीला घेऊन बाहेर पडले, तर एक नाही. जिथे तिथे फ्लेक्स. ज्याला बघावं त्याचा वाढदिवस, आणि अक्षरं अशी की गरम तव्यावर ठेवल्यासारखी पसरलेली. दादरला एक सलून मला पक्कं आठवत होतं, नव्या फ्लेक्सच्या मागे ह्यांची पाटी असणारच असणार. मी स्टुलावर चढून फ्लेक्सचा कोपरा जरासा ओढला. जरासाच. तो अख्खा खाली आला. दारातच खुर्ची टाकून एक गृहस्थ तोंडाला फेस लावून बसले होते, ते त्याच्याखाली गेले. मागून निघाली टूथपेस्टची जाहिरात. चैत्राली माझी कोणी नसल्यासारखी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. मग गिरगावात, खोताच्या वाडीत, एका लाकडी घराच्या दारावर नाव दिसलं. अक्षरांची तीच मान, तोच पोटाचा गोल. मी बेल वाजवून घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून टाकलं की हे माझ्या मिस्टरांचं काम. ते शांतपणे म्हणाले की हे त्यांच्या आजोबांनी एकोणीसशे अडतीस साली स्वतः लिहिलंय. तरी मी पाच मिनिटं वाद घातला. त्यांनी लिंबाचं सरबत दिलं म्हणून थांबले.

शेवटी पाटी सापडली लालबागला, मसाल्याच्या डंकावर. 'येथे मसाला कुटून मिळेल. नंबराने यावे. भांडू नये.' (ते भांडू नये ह्यांनी स्वतःहून घातलं होतं, मी तिथे जायचे म्हणून.) मालकाचा मुलगा मितेश बिचारा भला, नवीन फ्लेक्स येणारच होता, म्हणाला मावशी घेऊन जा. बावीस वर्षांची मिरची होती तिच्यावर. मी ती डोक्यावर घेऊन परळपर्यंत चालत आले. पुढे मी शिंकत, मागे सगळा रस्ता शिंकत.

आता पुढचं नीट वाचा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमची कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. हे खडूनं आखायचे, मग बारीक ब्रशनं अक्षराची काळी कड मारायचे. आतला लाल मी भरायची. मला वाचायला शाळेनं शिकवलं ते थोडं, बाकीची अक्षरं मी अशी आतून शिकले. 'क' म्हटलं की मला अजून त्याची दोन पोटं दिसतात, किती रंग पितात ती. कडेला मात्र ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, "शेवंते, तुझा हात घाईचा आहे." आणि दुसरा नियम म्हणजे पाटी घरातून मळकी बाहेर जाता कामा नये. गिऱ्हाइकाकडे जाताना ती पुसूनच जायची, पाऊस असो, दसरा असो, रिक्षा खाली हॉर्न मारत असो.

तर परीक्षेच्या आदल्या दुपारी चैत्राली कॉलेजला गेली होती आणि पाटी भिंतीला उभी होती, मिरचीनं माखलेली. माझ्या जिवाला चैन पडेना. हरेश्वर पेंटरची पाटी अशी जाणार, तीही कॉलेजात? मी माळ्यावरून टर्पेंटाइन काढलं, फडका घेतला आणि पुसली. पहिल्या हाताला मिरची निघाली. दुसऱ्या हाताला पाटी लखलखली. मग माझं लक्ष फडक्याकडे गेलं. तो काळा होता.

वन्सं, लाल जागचा हलला नाही. तीन हात दिलेला लाल, माझा. काळी कड तेवढी उन्हात आणि मिरचीत इतकी वर्षं सुकून नुसती चिकटून राहिली होती, ती फडक्यावर आली. म्हणजे तुमचा भाऊ फडक्यावर आला आणि पाटीवर मी एकटी उरले. असं मी कोणापुढे बोलले तर वेडी म्हणतील, पण तुम्ही म्हणालात तर मला काही नवीन नाही.

मग मी ह्यांचा बारीक ब्रश काढला, जमिनीवर बसले आणि सगळी कड परत मारली. माझा घाईचा हात त्या दुपारी कुठे गेला होता कोण जाणे. दोन तास लागले. एकदाही हलला नाही. पाटी पंख्यासमोर धरली, चैत्राली आल्यावर सांगितलं, पुसली फक्त. तिनं वास घेतला, टर्पेंटाइनचा होताच. मग खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन मीच गेले तिच्याबरोबर. कॉलेजचा हॉल असा थंड की लोणी काढून ठेवावं. तिच्या प्रिती मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, पण पायात मुलांचे बूट. त्यांनी पाटीजवळ चष्मा नेला आणि हवेतल्या हवेत कडेवरून बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटच्या टिंबापर्यंत. मग सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाल्या, "ही रेष बघा. तीस वर्षं रोज ब्रश धरला तेव्हा हा हात आलाय. मी हे तुम्हाला शिकवू शकत नाही." पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. मी मागे उभी होते, बोटं पदरात गुंडाळून, कारण नखांत काळं होतं. लग्न झाल्यापासून तुम्ही मला तोंडाळ म्हणता. त्या हॉलमध्ये माझं तोंड उघडलं नाही. काय सांगणार होते? ह्यांचं नाव घेतलं जात होतं, सहा वर्षांनी, एवढ्या शिकलेल्या माणसांत. त्यात माझी कटकट कुठे घालू?

त्या पाटीवरची अक्षरं घेऊन आणि बाकीची त्यावरून बेतून फॉन्ट झाला. नाव ठेवलंय हरेश्वर. चैत्राली आता मला मोबाइलवर त्याच अक्षरात चिठ्ठी करून पाठवते. परवा दुपारी आली, 'आई, जेवलीस का?' हे गेल्यापासून मला ते विचारणारं अक्षर नव्हतं, तेव्हा आधी मोबाइल पदरानं पुसला. मग नीट बघितलं. ते माझंच होतं. मीच मला विचारत होते जेवलीस का. (जेवले नव्हते.)

आता येतं तुमचं. पुढच्या महिन्यात कॉलेजचं प्रदर्शन आहे. मॅडम म्हणाल्या, ह्यांची अजून एखादी पाटी मिळाली तर दोन्ही शेजारी लावू. आणि चैत्रालीला तुमचं कोंबड्यांचं खुराडं आठवलं, ज्याला दार म्हणून ह्यांची पाटी लावलीय ते. ती तुम्हाला फोन करणार आहे. तिला सांगा की त्या दाराला वाळवी लागली, चुलीत घातलं. दोन पाट्या शेजारी आल्या तर मॅडमचा चष्मा काय ते ओळखेल आणि पोरीचं वर्ष जाईल. तुम्हाला एवढं जमेल, रेंजच्या बाबतीत मी पाहिलंय.

बाकी तुमची माया पूर्वी होती त्यातली थोडी शिल्लक असली तर राहू द्या. सीमाला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार, विडीला नाही.

तुमची भावजय
शेवंती

ता. क. वाळवीचं सांगू नका. वर लिहून झाल्यावर दोन दिवस पत्र तसंच पडून होतं. पोरगी आज संध्याकाळी नळावरून येऊन म्हणाली, "आई, मला एकदा कड मारू द्याल का, असं तू बाबांना कधी विचारलं होतंस?" मी म्हटलं कशाला. ती म्हणाली, "सहज. तुझ्या नखांत काळं होतं." एवढं बोलून कुकर लावायला गेली. तेव्हा मॅडमना काय सांगायचं ते आम्ही दोघी बघू. तिनं फोन केला की पाटी आहे म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. चार वर्षांपूर्वी तुमच्या दुकानाची 'सोनूबाईचे दुकान' ही पाटी खुराड्याला ठोकलेली बघून मी अख्ख्या वाडीदेखत ओरडले, आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या भावानं मला दिली, मी कोंबड्यांना देईन." ते तुमचं बरोबर होतं. माझा राग घाणीचा नव्हता. ती पाटी ह्यांनी गावी बसून केली, मी चैत्रालीच्या बाळंतपणाला अँटॉप हिलला आईकडे होते तेव्हा. कड ह्यांची आणि आतला रंगही ह्यांचाच. भरताना 'द'च्या पोटातून लाल बाहेर सांडलाय, मी असते तर सांडू दिला नसता. ती एकच पाटी आहे जिच्यात माझा हात नाही. तेव्हा मला ते सोसलं नाही. आता मला तीच बघायची आहे.

पाठवू नका. मी येते, येत्या रविवारी. तोवर तिला पाणी लावू नका, फडका तर मुळीच नको. कोंबड्यांनी जे काय केलं असेल ते तसंच असू दे, तेवढं त्यांनीच जपलंय. मला फक्त ह्यांच्या कडेवरून एकदा बोट फिरवायचं आहे. लालबागच्या पाटीवर मी जी मारली ती ह्यांची आठवली होती की माझ्या मनची, ते मला घरी बसून कळत नाही. तो फडका मी धुतलेला नाही. बरोबर आणते.

ता. क. तिसरा. पाकिटावरचं तुमचं नाव चैत्रालीनं त्याच फॉन्टमध्ये छापून चिकटवलंय. पोस्टमनच्या हातातून घेताना तुम्हाला क्षणभर भाऊ वाटला का, तेवढं रविवारी सांगा. नेहमीसारखं, तोंडावर.