ठकीच्या बाटलीतलं पाणी

३ मार्च, मंगळवार
लेकीच्या हट्टापायी तपासायला दिलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला. शिसं मर्यादेच्या दुप्पट. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, मीटरपासून घरात येणारा जुना पाइपच शिशाचा दिसतो, तो बदला. तोवर सकाळी नळ थोडा वेळ सोडून पाइपात रात्रभर साचलेलं पाणी जाऊ द्या, आणि बाळाचं दूध या पाण्यात मुळीच कालवू नका. मी म्हणालो, बाई, मी लहानाचा मोठा याच पाण्यावर झालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पावती फाडली. पटलं असावं.

४ मार्च, बुधवार, सकाळ
लेक ऑफिसला जाताना रोज नातीला, ठकीला, आमच्याकडे सोडते. आज आलीच नाही. ठकी पावडरचं दूध पिते, त्यामुळे आजपासून विहीणबाईंकडे. मागोमाग विहीणबाईंचा फोन. आमच्याकडे सगळी लाइन नवीन आहे हो, तुम्ही काही काळजी करू नका. मी फोन आपटला. (त्यांनी आधीच ठेवला होता.)
संकल्प: रविवारपर्यंत पाणी शुद्ध. सोमवारी ठकी घरी.

५ मार्च, गुरुवार
नळ सोडून द्यायचा सल्ला अमलात आणला. पण वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. सुरुवातीचं सगळं पाणी बादलीत धरलं आणि पिण्याच्या पिंपात ओतलं. बायकोने अख्खं पिंप मोरीत रिकामं केलं. वर, तुम्हाला सांगून उपयोग नाही, म्हणाली. उधळी बाई.

९ मार्च, सोमवार
ठकी नाही. हरकत नाही, उपाय सापडला: उकळणे. मोठं पातेलं अर्धं होईपर्यंत उकळलं. त्यातलंच पाणी लॅबला नेऊन दिलं. आता तोंडात बोटं घालतील.

१३ मार्च, शुक्रवार
चौपट. बाई फोनवर म्हणाल्या, पाणी वाफ होऊन गेलं, शिसं सगळं पातेल्यातच राहिलं. मशीन बिघडलंय त्यांचं. जन्मभर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. बिघडलेलं मशीन मला नुसत्या आवाजावरून कळतं. इथे तर बाईंच्या आवाजावरूनच कळलं.

१४ मार्च, शनिवार, दुपार
सोफ्याखाली ठकीचा खुळखुळा सापडला. सहज वाजवून पाहिला. बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, मला पाहिलं आणि तशीच परत गेली. घर खायला उठतं. मला रडू आलं, लिहायला लाज कसली.
पाइप बदलायचाच.

१६ मार्च, सोमवार
प्लंबर येऊन पाहून गेला. प्लास्टिकचा पाइप टाकू म्हणे, अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या घरात प्लास्टिक! चहा देऊन वाटेला लावलं. (चहा त्याने घेतला नाही. कुठलं पाणी, असं मात्र विचारलं.) तांब्याचा पाइप आणणार, जोडणार मी. सांधे जोडणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ.

२१ मार्च, शनिवार
झालं! शिशाचा पाइप उपटून अंगणात फेकला. कंबर गेली, पण तांबं बसलं. दुकान बंद करताना जपून ठेवलेलं, डाख द्यायच्या सोल्डर तारेचं रीळ शेवटी कामी आलं. असली तार आता मिळत नाही, लोण्यासारखी वितळते. एकेक सांधा बघत राहावा असा. लेकीला फोन केला, सोमवारी आण ठकीला. ती म्हणाली, बाबा, आधी रिपोर्ट.

२८ मार्च, शनिवार
रिपोर्ट आला. पातेल्यातल्या पाण्यापेक्षाही जास्त.
मी लॅबवर ओरडत होतो. बायकोने चष्मा लावला, सोल्डरचं रीळ उचललं आणि लेबल मोठ्याने वाचलं. कथील साठ टक्के, शिसं चाळीस टक्के. मी म्हणालो, म्हणजे बहुमत कथलाचंच आहे. ती हसली नाही. त्या प्लंबरला बोलवा, नाहीतर मीही चालले विहीणबाईंकडे, एवढंच म्हणाली.

संध्याकाळ
अंगणात बसून होतो. लेकीने माझं ऐकलं असतं तर आठवडाभर हेच पाणी ठकीच्या पोटात गेलं असतं. मी स्वतः पाजलं असतं, कौतुकाने.

१० एप्रिल, शुक्रवार
प्लंबरने, माझ्या देखरेखीखाली, अर्ध्या दिवसात प्लास्टिकचा पाइप टाकला. आजचा रिपोर्ट: शिसं आढळलं नाही. लॅमिनेट करून नळाशेजारी टांगला. लेकीला फोटो पाठवला. विहीणबाईंनाही.

१३ एप्रिल, सोमवार
ठकी आली! मला पाहून आधी भोकाड पसरलं, मग माझं नाक ओढलं. ओळखलं म्हणायचं.
लेकीने पिशवीतून दुधाची पावडर काढली. पाठोपाठ पाण्याची भरलेली बाटली. विहीणबाईंकडची. मी रिपोर्टकडे बोट दाखवलं. तिने वाचला. चांगलाय, बाबा, म्हणाली, आणि बाटलीचं झाकण उघडलं.
दूध पिता पिता ठकीने बाटली जमिनीवर फेकली. मी उचलून नळाखाली धरली आणि लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, बाहेरून धुतली तर चालेल.
बराच वेळ धुतली. म्हणजे आपल्या पाण्याचा वापर सुरू झालेला आहे.