मटणवाल्यापेक्षा जड गाडी

३ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या मटणवाल्यानं आज जिन्यात माझ्या कानाखाली जाळ काढला. कारण क्षुल्लक. त्याच्या बाईकची हवा मी सोडली होती. चष्मा एका पायरीवर, मी त्याच्याही खाली. उलट हात उचलणारच होतो, पण हातात अंडी होती. बायकोनं पहिली चौकशी अंड्यांची केली.
निर्णय झाला. मोटारसायकल घ्यायची. त्याच्या गाडीपेक्षा जड. फाटकातून आत शिरली की त्याच्या खिडक्या थरथरल्या पाहिजेत. मला चालवता येत नाही, हा तपशील आहे.

५ फेब्रुवारी
दुकानात दिवसभर डोक्यात गाडीच. (मी चष्म्याचे नंबर काढतो.) एका आजोबांना खालची ओळ वाचायला सांगताना आवाज असा चढला की ते न वाचताच उठून गेले. दहशत जमायला लागली आहे.

८ फेब्रुवारी, दुपार
शोरूम. तिथली मुलगी म्हणाली, नवशिक्यानं हलकी गाडी घ्यावी, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी म्हटलं, पाय जमिनीलाच टेकवायचे तर चालत काय वाईट आहे? सगळ्यात मोठी, काळी गाडी काढायला लावली. मॅनेजर समोर उभा राहून क्लच हळू सोडा, हळू सोडा म्हणत होता. मी सोडला.
मॅनेजरचं नाक फुटलं. मग काचेचं दार.
हँडल लागलं त्याला. घरी मात्र मी ठोसा हाणला असं सांगितलं. हेतू तोच होता. कपाळाला टाके पडलेत. जिन्यात मटणवाला पट्टीकडे बघत राहिला. टरकला.

१२ फेब्रुवारी
त्या शोरूमला मी कायमचा राम राम ठोकला. (त्यांनीही सांगितलं, परत येऊ नका.) शेवटी मेकॅनिककडून जुनी घेतली. त्यानंही आधी हलकीच दाखवली. सगळ्यांचं संगनमत आहे.
मैदानात सराव. झाड मध्ये आलं. उतरून त्याला सणसणीत लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं. सायलेन्सरवर पोटरी भाजली ती वेगळीच. बायको म्हणते, गाडी विका, नाहीतर मी माहेरी जाते. दोन्ही गोष्टींचा शांतपणे विचार केला.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ. हॉस्पिटल.
आज हिशेब चुकता करायचा होता. मटणवाला फाटकाशी आपली बाईक पुसत होता. शर्टावर रक्त, बकऱ्याचं. मी हॉर्न दाबून ओरडलो, "हिंमत असेल तर ये!"
तो आला नाही. मीच गेलो. ब्रेक समजून दाबला तो क्लच. मटणवाल्यानं बाजूला उडी मारली. मी त्याच्या बाईकला घेऊन भिंतीवर. माझी गाडी माझ्या अंगावर. पाय कडकन वाजला.
तो मूठ उगारून धावत आला. मी डोळे मिटून शेवटची धमकी दिली. तोंडातून "आई गं" एवढंच बाहेर पडलं. ठोसा काही आला नाही. मग त्याचा आवाज, आवाज ऐकून खाली आलेल्या माझ्या बायकोला उद्देशून: "वहिनी, मारू कुठं याला? जागाच शिल्लक नाही."
एका हातानं गाडी उचलली. दुसऱ्या हातानं मला.

२६ फेब्रुवारी
पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. गाडी भंगारात गेली. तिचा धड राहिलेला दिवा मटणवाल्यानं आपल्या बाईकला बसवला. परस्पर, बायकोच्या परवानगीनं.
आजपासून मटणवाला मला दुकानात सोडणार, हेही परस्पर ठरलं. मी डावपेच म्हणून मान्य केलं. शत्रूवर मागूनच नीट नजर ठेवता येते. चौकात एक ट्रक अंगावर आला तेव्हा त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. माझ्या ताकदीचा अंदाज यावा म्हणून.
"भिऊ नकोस," तो म्हणाला, "हळू घेतो."
आणि खरंच हळू घेतली.