पडदा हिरवाच

२२ सप्टेंबर १९९७, ठाणे

परत बंद पडलं! सी भाषेतला आकडा चार बाइटांचा, व्हिज्युअल बेसिकने दोनच धरले. मोठा आकडा आला की प्रोग्राम आडवा. दोन भाषांची सोयरीक आपोआप जुळवणारा प्रोग्राम मी लिहिलाय खरा, पण रोज नवे रुसवे-फुगवे. शेजारच्या टेबलावरचा हरिहर हसतो — "अगं उत्तरा, मध्यस्थाने दोन्हीकडून बोलणी खायचीच असतात!"

त्याला हसायला काय जातं! हा प्रोग्राम बसणार डोंबिवलीला, माझा नवरा श्रीपाद काम करतो त्या कारखान्यात. आत सगळी पेट घेणारी रसायनं. धूर ओळखणाऱ्या यंत्राचा निरोप सी वाचणार, पडदा व्हिज्युअल बेसिक रंगवणार; धूर आला की तो लाल व्हायलाच हवा. श्रीपाद तिथेच उभा असतो.

२९ सप्टेंबर

आज पडद्यावर नुसता कचरा. निस्तरला. असल्या चुका परवडल्या, त्या बोंब तरी मारतात.

४ ऑक्टोबर

सीत 'हो' म्हणजे एक. व्हिज्युअल बेसिकात उणे एक! हरिहर म्हणाला, "शून्य नाही ना? मग दोन्ही होच. सोड ना." सोडलं. पण माजिवड्याला बसमधून उतरेपर्यंत तेच डोक्यात.

७ ऑक्टोबर

खऱ्या धुराची चाचणी झालीच नाही — कारखान्यात काडी ओढायला बंदी. व्हिज्युअल बेसिकातूनच खोटा 'हो' देऊन पाहिला. पडदा लाल. आमचे साहेब खूश — "दसऱ्याला पूजा करून टाकू!" श्रीपाद म्हणाला, "तू केलंयस ना, मग मी निर्धास्त." त्यानेच जास्त धास्ती वाटली.

११ ऑक्टोबर, दसरा

कारखान्यातल्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार. काडीला बंदी, पण पूजेला कापूर चालतो! धूर सरळ छतावरच्या यंत्राकडे गेला. त्याचा बारीक दिवासुद्धा लागला.

पडदा हिरवा.

"बघा, कसं शांत काम!" — साहेब. टाळ्या. मी लिहिलंय, धूर 'नाही' तर हिरवा; त्या 'नाही'साठी व्हिज्युअल बेसिक आलेला आकडा उलटवतं. चाचणीतला उणे एक उलटवला की शून्य येतं, ठीक. पण सीचा एक उलटवला की येतात उणे दोन. शून्य नाहीच — म्हणजे 'धूर नाही' यालाही 'हो'. धूर असो नसो, हिरवाच!

आरतीतच ओरडले, "बंद करा!" साहेबांनी डोळे वटारले. श्रीपादने मात्र आधीची धुराची जुनी घंटा लगेच परत लावून घेतली. घरी येऊन खूप रडले. वाचलो.

१३ ऑक्टोबर

हरिहरला सगळं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"तुझाच प्रोग्राम साहेबांनी शुक्रवारी बदलापूरच्या कारखान्यातही बसवलाय. तिथले लोक काहीच तक्रार नाही म्हणाले. पडदा कायम हिरवा."

बदलापूरला फोन लावतेय. कोणी उचलत नाही.