तुतीच्या ढोलीतलं सिमेंट

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरला असशील, तर आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. आजारी होती ती मागच्या दारची तुती. हो, तीच, जिच्यावरून तू भरल्या ताटावरून उठून गेलास. बाबांची खुर्ची जिच्या सावलीत असायची ती फांदी तू मला न विचारता कापलीस, झाड खंगायला लागलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की बाबांचं झाड तुझ्या हाताने मेलं. त्याला नऊ वर्षं झाली. झाड मात्र अजून उभं आहे.

गेल्या महिन्यात वारा नसताना एक फांदी शेजाऱ्यांच्या शेडवर कोसळली. त्यांचा पत्रा वाकडा झाला आणि तोंडही. मी दोन करवतवाल्यांना बोलावलं. दोघांनी फाटकातूनच मान वर करून निकाल दिला, आतून पोकळ आहे, बुंध्यापासून उतरवा. तुझे भावोजी म्हणाले, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर काय करशील? त्यांचं खरंच होतं, पण माझं मन तयार होईना. शेवटी माझ्या थोरल्या लेकीने झाडांचं रीतसर शिक्षण घेतलेली एक डॉक्टरीण शोधून काढली. मी म्हटलं, आता झाडांची नाडी बघायची तेवढी राहिली होती.

आली ती तिशीची, मनगटं सुतारासारखी. आल्या आल्या प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, वाचा, तोवर मी झाड बघते. अर्धा तास तिने झाडाला हात लावला नाही. नुसती भोवती फिरत होती, मुळं कुठे उचललीत, कुठल्या बाजूची पानं बारीक झालीत ते बघत. मग लाकडी हातोडीने खोडावर ठोकून ऐकत राहिली, आवाज बदलला की तिथे खडूची खूण. चाळीस वर्षं ते झाड माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण तिने तासाभरात जेवढं पाहिलं तेवढं मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी केलेला चहा दोनदा गरम करून शेवटी मीच प्यायले.

काम पुढच्या आठवड्यात झालं. आधी तिने घरटी शोधली. मग दोरावर चढली, बुटांना खिळे न लावता. ज्याला जगवायचं त्याला टोचायचं कशाला, म्हणाली. फांदी कापताना आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे पडताना साल सोलली जात नाही. उरलेला खुंट सगळ्यात शेवटी, आणि तोही फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती राखून. त्या कडेतूनच झाड आपली जखम मिटवतं, वरून रंग नको की डांबर नको. प्रत्येक फांदी दोराने अलगद खाली आली. शेजारीणबाई भांडायला म्हणून आल्या होत्या, त्या स्वतःच्या झाडासाठी तारीख ठरवून गेल्या. काम यावं तर असं यावं, धाकट्या. मी तर तिच्या प्रेमातच पडले.

मग ती तुझ्या कापापाशी थांबली. वरूनच विचारलं, हे कुणी कापलंय? मी सवयीने म्हणाले, माझ्या भावाने, त्यानेच तर सगळी वाट लावली. तिने त्या जागेवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, काकू, हा काप मिटलाय पूर्ण. कड राखून कापलंय, मीही याहून चांगलं कापलं नसतं. दुखणं इथे नाहीच. मग ती खाली आली आणि ढोलीत पटाशी घातली, तर सिमेंट निघालं. ते माझं. जुन्या वादळात फांदी मोडून ती ढोली झाली होती, आणि तू कापायच्या तीन वर्षं आधी मी गवंड्याकडून घमेलंभर सिमेंट आणून, दात भरावा तशी ती भरली होती. वर थापी फिरवून गुळगुळीतसुद्धा केली होती. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. फटीतून पाणी शिरत राहिलं आणि आतलं लाकूड कुजत राहिलं. पूर्वी शिकलेले लोकही असंच करायचे, असं ती समजुतीने म्हणाली. भार हलका केलाय, दरवर्षी तपासलं तर झाड बरीच वर्षं जगेल, असंही म्हणाली.

तुझे भावोजी म्हणाले, जुनं उकरू नकोस. पण मी चारचौघांत बोलले होते, म्हणून काल त्याच चारचौघांना जेवायला बोलावलं, आणि ताटं वाढून झाल्यावर उभी राहून सांगितलं की झाड माझ्यामुळे कुजलं, धाकट्याने ते नीट कापलं होतं, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. सगळ्यांनी ऐकलं. ज्याने ऐकायला हवं तो तेवढा नव्हता, म्हणून हे पत्र. मला माफ कर. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी मी रागावणार नाही. पण माझं ते वाक्य अजून तुझ्या मनात असेल, तर आज ते काढून टाक. ते खरं नव्हतं.

तुझीच,
चुकलेली ताई