ताप नाही

कल्याण, गुरुवार, ९ डिसेंबर १८९७

उतरवलं! घर तासाभरावर, आणि आम्ही कल्याणच्या प्लेगछावणीत. पुण्याकडून आलेल्या प्रत्येकाने दहा दिवस इथे राहायचं, रोज सकाळी ओळीत उभं राहून ताप मोजून घ्यायचा, आणि मगच ठाण्याचा पास मिळायचा. मी छावणीच्या साहेबाला म्हटलं, नियम योग्य आहे. धाकटी बहीण मालन मागून पुटपुटली, "दादा, निदान इथे तरी व्याख्यान नको."

पुण्याला माझ्या भाषणांसाठी गेलो होतो. तिला न्यायला नको होतं. पण पुस्तकांची दुकानं बघायचीच म्हणून हट्ट धरून बसली, आणि विधवा होऊन माझ्या घरी आल्यापासून त्या पोरीने दुसरा हट्ट केलेला नाही.

कुडाची झोपडी, वर गवत. दिवा लावायची बंदी. म्हणजे उजेड आहे तोवरच लिहायचं.

११ डिसेंबर

ताप मोजणारा अँब्रोज आमच्या ठाण्याचाच निघाला, चर्चमागच्या वस्तीतला. "भाऊसाहेब, तुमचा लेक्चर ऐकलाय मी. ताप लपवणारा शेजाऱ्याचा खून करतो, असं बोललेलात. आमची माणसं दगड घेऊन आलेली!"

"मग मारले का नाहीत?"

"तुम्ही थांबतच नव्हता. हात उचलून उचलून दुखले त्यांचे."

बाकी ओळ हसली. मी पुन्हा सांगतो — त्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेत नाही. लपवण्यानेच माणसं मरताहेत.

आनंदाची एकच गोष्ट. आमच्याच गाडीतून एक नाटक मंडळी उतरवली आहे. मालक विश्राम. ग्रीक लोकांचं एक जुनं शोकनाटक त्यांनी मराठीत बसवलं आहे! राजाचा हुकूम असतो की एका मेलेल्या शत्रूचा अंत्यविधी कोणी करायचा नाही. मेलेल्याची बहीण हुकूम मोडते. राजा तिला जिवंतपणी कोंडतो. इंग्रजीतून मी ते कितीदा वाचलं असेन! राजाज्ञा मोठी की माणसाचं मन, हा प्रश्न ज्या समाजाला पडत नाही तो समाज मेलेलाच. विश्रामला मिठीच मारणार होतो. ओळीत अंतर ठेवायचं असतं म्हणून राहिलं.

छावणीत खेळ करायची परवानगी मिळाली आहे. मात्र उजेडी, दुपारी.

१३ डिसेंबर

अनर्थ! मंडळींच्या पेट्या काल औषधाच्या हौदात बुचकळून काढल्या. राजाची दाढी अर्धी झडली. मुकुटाचा सोनेरी कागद विरघळून आत पुठ्ठा दिसतो. तांबड्या अंगरख्याचा रंग उतरून सगळ्यांचे कपडे एकाच फिक्या गुलाबी रंगाचे झाले. बहिणीचं काम करणारा आनंदा — त्याला न्हावी मिळत नाही, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. गालांवर चार दिवसांचे खुंट. त्या चेहऱ्याने तो शोक करणार!

विश्राम म्हणतो, आता ह्याचा फार्सच करायचा.

मी भडकलो. म्हटलं, थोरामोठ्यांनी माणसाचं काळीज फाडून दाखवलं, त्याला तुम्ही गुदगुल्या करणार? त्यापेक्षा करूच नका!

तो दाढीचे केस वेचत शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, रडायला माणसं आमच्याकडे तिकीट काढून येतात. इथं ती फुकटच रडताहेत. त्यांना मी काय दाखवू?"

उत्तर होतं माझ्याकडे. बरंच मोठं होतं. तो ऐकायला थांबला नाही.

१४ डिसेंबर

मालनचं अंग कढत आहे. थंडी बाधली असेल.

१५ डिसेंबर

थंडी नव्हे. जांघेत गाठ आली, दुखते, असं पहाटे म्हणाली. मान फिरवून म्हणाली.

छावणीच्या टोकाला बांबूच्या तट्ट्यांचं इस्पितळ आहे. भोवती काटेरी कुंपण. आत गेलेल्यांपैकी चालत बाहेर आलेला एकही मी अजून पाहिलेला नाही. नातेवाइकांना आत मज्जाव.

"दादा, मला तिथे एकटीला टाकू नकोस. मरायची भीती नाही रे. एकटीची वाटते."

मी म्हटलं, बघू. मी! बघू!

शेजारच्या झोपडीतली सखुबाई माझं तोंड बघूनच समजली. पदर दाताखाली धरून हळूच म्हणाली, "वल्या फडक्याचा बोळा काखंत धराया सांगा तिला. कुनाला बी कळत न्हाई." ह्याच बाईला मी परवा स्वच्छतेवर अर्धा तास सुनावलं होतं. तिची दोन पोरं आमच्या दारात खेळतात. त्यांना काही झालं तर — हे तिलाही कळत असणार. तरी तिनेच सांगितलं.

सकाळी ओळीत अँब्रोजने मालनच्या काखेतून पाऱ्याची नळी काढली, उन्हात धरली. "ताप नाही. पुढे."

मी तिच्या मागेच उभा होतो.

१६ डिसेंबर

खेळ झाला. लिहून काढल्याशिवाय राहवणार नाही.

सगळे बाहेर जमले की झोपड्या तपासतात. आत कोणी निजलेलं सापडलं की पुन्हा ताप बघतात. म्हणून मालनला बाहेर आणावंच लागलं. सगळी छावणी मैदानात, भुईवर. टेकायला काही नाही. ती माझ्या खांद्याला टेकली. तिचा कढ माझ्या सदऱ्यातून आत येत होता.

दोन बांबूंवर घोंगडी, हाच पडदा. अर्ध्या दाढीचा विश्राम महाराज आला. मेलेला भाऊ चादरीखाली. खुंटवाला आनंदा गुलाबी लुगड्यात, मांडीवर मेलेल्याचं डोकं घेऊन. शिपाई येतात.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही हो, वाल जास्त खाल्ले."

"उठव त्याला."

"उठत नाही. रुसलाय."

"ताप आहे काय?"

"हात लावून बघा ना! बर्फासारखा गार!"

शिपायाने नळी लावली. उन्हात धरली — हुबेहूब अँब्रोजसारखी. "ताप नाही! द्या पास, जाऊ दे ठाण्याला!" आणि मेलेल्याच्या मुठीत पास दिला.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. म्हातारे मांड्या बडवत होते. सखुबाई डोळे पुसत होती. अँब्रोज तर खुर्चीवरून पडायचाच राहिला. शेवटी राजा मेलेल्याच्या बहिणीला कोंडायचं सोडून तिच्याशी लग्न लावतो. लग्न! खुंटांवर अक्षता!

माझं डोकं तापलं होतं. ज्या प्रसंगी जगातली शहाणी माणसं दोन हजार वर्षं मान खाली घालत आली, तिथे मेलेल्याला वालाचं अजीर्ण! उठून उभं राहायचं आणि खेळ बंद पाडायचा, एवढंच मनात होतं. पूर्वी पाडलेत. पण मी हललो असतो तर मालन आडवी झाली असती. चारशे माणसांसमोर.

आणि मालन हसत होती! माझ्या खांद्यावर डोकं घासत, दम लागेपर्यंत. "पास दिला रे दादा, मेलेल्याला पास दिला!" मी तिच्या दंडाला घट्ट धरून बसलो. दुरून बघणाऱ्याला वाटलं असेल, बहीणभाऊ किती रंगलेत.

मग विश्राम हात जोडून पुढे आला. "मंडळी, आपल्यात एक नामांकित वक्ते आहेत. भाऊसाहेब, दोन शब्द!"

टाळ्या. साहेबानेही मान डोलावली — ताप लपवू नका म्हणून सांगा, असं दुभाष्याकरवी कळवलं. सगळी तोंडं माझ्याकडे.

मी बसून राहिलो. नुसती नाही म्हणून मान हलवली.

"रागावले! नाटकावर रागावले!" कोणीतरी म्हणालं, आणि त्यालाही हशा झाला.

झोपडीत आल्यावर मालन कुडाकडे तोंड करून निजली. तशीच म्हणाली, "बोलला असतास तर बरं झालं असतं."

"काय बोलणार होतो?"

"तेच रे. नेहमीचं." मग, "तुला असा गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता."

१७ डिसेंबर

ओळीत माझा नंबर पुढे घेतला तिने. म्हणाली, तू आधी जा. मी मोकळा होऊन वळलो तर ती अँब्रोजपुढे उभी. बोळा काढून तिने जमिनीवर टाकला होता.

"कालही ताप होता. परवाही. दादाला ठाऊक नव्हतं."

ठाऊक नव्हतं!

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं — आणि इस्पितळाची माणसं तिला घेऊनसुद्धा गेली. चालतच गेली ती. पायांत पाय अडकत होते, पण कोणाचा हात धरला नाही.

सखुबाईच्या पोरांना ताप नाही. दोनदा विचारून आलो.

१८ डिसेंबर

कुंपणापर्यंत जाऊन आलो. शिपाई हाकलतो. पुन्हा गेलो.

विश्राम येऊन शेजारी बसला. बसून गेला.

अँब्रोज म्हणाला, "जिवंत आहे. पाणी पिते, दुसरं काही नाही. दादा ठाण्याला गेला का, म्हणून सारखं विचारते. काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

"जातील म्हटलं. उद्या."

१९ डिसेंबर, सकाळ

छावणी भरली आहे. नव्या गाड्यांना जागा हवी, म्हणून बिनतापाच्यांना सोडताहेत. पास मिळाला. दुपारच्या गाडीने जायचं. एकदा फाटकाबाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत, हे साहेबाने दोनदा बजावलं. बिछाना गुंडाळला. मालनची पुस्तकं बांधली. तिची चप्पल कशात बांधावी ते कळेना.

१९ डिसेंबर, दुपार

इस्पितळातून लिहितो आहे. अँब्रोजला सांगितलं, काखेत ठणकतं, रात्री हुडहुडी भरली होती. त्याने कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. कपाळ गारच होतं. मग शिपायाला म्हणाला, "आत घ्या."

मध्ये तट्टी आहे, पलीकडे बायका. मालनचा आवाज ओळखू येईना इतका बारीक. "कोण आलं नवीन?"

"मी आहे."

रडेल असं वाटलं होतं. गाढव म्हणाली, मूर्ख म्हणाली, आणि अजून बोलतेच आहे.